कोंबडा नव्हे, माळढोक

"मॅडम, कोंबडा चांगला हाय की. पण मान लई लांब येईल बघा."

तो कोंबडा नव्हता, माळढोक होता. तीन आठवडे खपून लिनोवर, म्हणजे छापण्यासाठी कोरतात त्या मऊ ठोकळ्यावर, कोरलेला. मी तसं सांगितल्यावर मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. "माळढोक म्हंजे नान्नजचा? असा असतोय व्हय?"

नान्नज सोलापुरापासून वीसेक किलोमीटर, बार्शी रस्त्याला. माळढोकासाठी १९७९ साली तिथं अभयारण्य झालं. आम्ही दोघं जन्मापासून सोलापूरकर आणि दोघांपैकी एकानंही तो पक्षी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मी फोटोवरून कोरला होता. आता एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. तेव्हा मास्तरांनी त्याला कोंबडा म्हटलं यात त्यांची चूक धरण्यासारखं काही नव्हतं. पुढचे पाच महिने त्या गल्लीत सगळे त्याला कोंबडाच म्हणत राहिले.

मी छापचित्रं करते. लिनो, वुडकट म्हणजे लाकडी ठसे, कधी एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेले छाप. मुंबईत शिकले, बरीच वर्षं तिथंच काढली आणि आईचे गुडघे गेल्यावर सोलापूरला परतले. मुंबईत कुणालाही "मी सोलापूरची" म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला असायचा: "चादर!" शेंगा चटणीचा नंबर दुसरा. हे ऐकून ऐकून मी वैतागले होते, आणि खरं सांगायचं तर चादर विणतात कशी हे मला ठाऊक नव्हतं. आमचं घर रेल्वे लाइन्सकडे. पूर्व भागात जायचं म्हणजे लग्नसराईत आईबरोबर आहेराच्या चादरी आणायला, तेही दुकानापर्यंतच. मागच्या गल्लीतून येणारी खडखड ऐकायची आणि पिशव्या घेऊन रिक्षात बसायचं. एकाच गावात राहून निम्मं गाव न पाहिलेली माणसं सोलापुरात माझ्यासारखी पुष्कळ आहेत.

परतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी गच्चीवर लिनो तापवत बसायचे. लिनो गार असला की हत्यार घसरतं; सोलापूरच्या मे महिन्यात मात्र दहा मिनिटं उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. मुंबईत यासाठी मी इस्त्री वापरायचे. त्या उन्हाळ्यात माळढोक कोरला, आणि कोरता कोरताच डोक्यात आलं की हा कागदावर न छापता चादरीवर आणावा. चादरीवर छापायचा नाही, चादरीत विणायचा. ओळखीच्या एका दुकानदारांनी पूर्व भागातल्या एका कारखान्यात नेऊन सोडलं.

सोळा माग. त्यातल्या चौदांवर टॉवेल. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणारं यंत्र बसवलेल्या, चादरीचे दोनच उरलेले. मालक म्हणाले, टॉवेल खपतो, चादरीला पूर्वीसारखं गिऱ्हाईक नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण रस्त्याकडेला 'सोलापुरी' म्हणून ढिगानं विकला जाणारा स्वस्त माल कुठून कुठून येतो ते इथला प्रत्येक जण जाणतो. माझी मागणी ऐकून त्यांनी एकच विचारलं: "किती डझन?" मी म्हटलं, सहा नग. ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. "मास्तरांना भेटा," म्हणाले. "ते हो म्हणले तर बघू."

मास्तर म्हणजे डिझाईन मास्तर. चादरीवरची नक्षी कागदावर घरं भरून काढायची हे त्यांचं काम. साठीच्या पुढचे. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू आणि मराठी मिसळून. पूर्व भागातल्या बहुतेक विणकरांसारखे तेही पद्मशाली. कित्येक पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेले. मार्कंडेय ऋषींचा मुलगा भावना ऋषी, त्यानं कमळाच्या देठातल्या तंतूंपासून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं, ही त्यांच्या समाजाची कथा मला त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितली. मग लगेच विचारलं, "तुमच्यात ठशाचा देव कोण?" मला उत्तर देता आलं नाही.

तर मान लांब का येणार होती ते सांगते, कारण माझा पहिला अहंकार तिथंच उतरला.

मी घरी शाळेच्या ग्राफ पेपरवर माळढोक उतरवून नेला होता. दोनशे घरं आडवी, दोनशे उभी, पेन्सिलीनं नीट भरलेली. दोनशेचा आकडा मालकांकडून आला होता. त्यांच्या जॅकार्डला ४०० हूक, म्हणजे उभे धागे उचलणारे आकडे. चादर दुपदरी असते, म्हणजे मरून आणि पांढरी अशी दोन कापडं एकाच वेळी एकमेकांत विणली जातात, म्हणून निम्मे हूक मरून धाग्यांचे आणि निम्मे पांढऱ्यांचे. चित्राला राहिली २०० घरं. प्रत्येक हुकाला सहा दोऱ्या, दर दहा इंचांवर एक. त्यामुळे मी जे काढीन ते दहा इंचांत संपायचं आणि साठ इंचांच्या पन्ह्यात सहा वेळा उमटायचं. इथवर मला कळलं होतं. मास्तरांनी माझ्या कागदावर पट्टीसुद्धा ठेवली नाही. म्हणाले, "इंचात उभी घरं वीस बसतात. आडव्या ओळी पंधराच. तुमचं घर चौकोनी हाय, आमचं उभट. गोल काढलं तर अंडं होतंय."

मग त्यांनी कपाटातून स्वतःचा ग्राफ काढला. घरं खरंच उभट. त्यावर दोनशे घरं आडवी आणि दीडशेच ओळी घेऊन त्यांनी माझा पक्षी नव्याने मांडला. लाल पोस्टर कलर, टोकाला तीन केस उरलेला ब्रश. लाल भरलं तिथं मरून वर येणार, कोरं सोडलं तिथं पांढरं. मानेच्या वळणाशी ते थबकले. माझी रेघ त्या वळणावर एका फटक्यात कोरलेली होती, आणि तशीच ती सुंदर होती. त्यांना ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायची होती. तीन घरं आडवी, एक खाली. दोन आडवी, एक खाली. एक, एक, एक. मग एक आडवं, दोन खाली. ब्रश न उचलता तोंडानं आकडे पुटपुटत त्यांनी ते वळण घातलं. लांबून पाहिलं तर माझीच रेघ होती. जवळून पाहिलं तर एकही वळण नव्हतं, नुसत्या पायऱ्या. मी तो कागद हातभर लांब धरून, परत जवळ आणून, असं किती वेळा पाहिलं कोण जाणे. मास्तर म्हणाले, "चादर कोण जवळून बघत न्हाई. पांघरतात."

आता माझे दोन हट्ट.

पहिला हट्ट माळाचा. माझ्या चित्रात वरचा भाग कोरं आभाळ, खालचा तिसरा हिस्सा सलग काळा माळ, आणि मध्ये पक्षी. तो सलग काळा माझ्यासाठी चित्राचा जीव होता. लिनोत एवढा मोठा काळा एकसारखा छापणं ही कसरत असते. शाई रोलरवर बरोबर ताणली गेली की तिचा एक चिटचिट असा बारीक आवाज येतो, तो कानानं ओळखावा लागतो. मास्तर म्हणाले, "मोठं मैदान ठेवू नका. मधे मधे ठिपके टाका." मला वाटलं, ही त्यांची नक्षीची सवय, मोकळी जागा दिसली की फूल टाकायचं. मी ठाम नाही म्हणाले. त्यांनी "बरं, नमुना काढू" एवढंच म्हटलं.

दुसरा हट्ट अक्षरांचा. पक्ष्याच्या पायाखाली मी 'माळढोक' असा शब्द कोरला होता. अर्थात उलटा, कारण ठोकळ्यावर उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं येतं. आणि मास्तरांना दिलेलं ट्रेसिंग मी छापावरून न काढता सरळ ठोकळ्यावर कागद ठेवून काढलं होतं, रेघा तिथं जास्त स्वच्छ होत्या म्हणून. मास्तरांनी विचारलं, "अक्षरं उलटी हायत की?" मी त्यांना समजावलं. अगदी शिकवण्याच्या सुरात. ठशात उलटंच काढायचं असतं मास्तर, राहू द्या तसंच. त्यांनी माझ्याकडे दोन क्षण पाहिलं. "नक्की?" "नक्की." त्यांनी ब्रश बुडवला आणि उलटा 'ढ' भरायला घेतला.

दीडशे ओळी, प्रत्येक ओळीला दोन कार्डं, म्हणजे भोकं पाडलेले पुठ्ठे. धोटा आडवा धागा नेतो; एक कार्ड मरून धोट्यासाठी आणि एक पांढऱ्यासाठी. एकूण तीनशे. कार्डं पाडणारा गल्लीच्या टोकाला बसतो. त्याच्या यंत्राला सगळे पियानो म्हणतात, पण बसायची पद्धत पेटीवाल्याची. समोर ग्राफ टांगलेला, त्यावर एक पट्टी. पट्टीच्या वरची एक ओळ वाचायची, बोटांनी खटके दाबायचे, पायानं पॅडल मारायचं, पुठ्ठा पुढे सरकतो. ओळ संपली की पट्टी एक घर खाली. जिथं भोक तिथं हूक उचलला जातो आणि त्याचा धागा वर येतो. जिथं पुठ्ठा कोरा तिथं धागा खालीच. १८०४ साली फ्रान्समधल्या लिऑन शहरात जाकारनं ही युक्ती पक्की केली आणि तिचं नाव सोलापुरात जॅकार्ड होऊन राहिलं. आता संगणकावर चालणारे जॅकार्डही आहेत, मास्तरांचा पुतण्या स्क्रीनवरच डिझाईन करतो. पण आमच्या दोन मागांवर पुठ्ठेच.

मी दोन दिवस त्या पियानोजवळ बसून होते. पाडणारा बोलत नाही, बोलला की ओळ चुकते. खाली पुठ्ठ्याच्या गोल गोल टिकल्यांचा ढीग साठतो. एका ओळीत दहा-बारा भोकं एकदम पडतात तेव्हा त्या पावसासारख्या गळतात. माझा ठोकळा कोरताना माझ्या पायाशीही लिनोच्या काड्या अशाच साठतात. जे काढून टाकलं त्यानंच चित्र होतं, हे आम्हा दोघांचं एकच. फरक इतकाच की माझ्या हाताला रेघेचा वेग कळतो आणि त्याला फक्त ओळ कळते. पक्षी त्याला कधी दिसतच नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तीनशे कार्डं क्रमानं शिवून माळ करून दिली तेव्हा मी विचारलं, कशाचं चित्र होतं सांगा. तो म्हणाला, "दीडशे ओळींचं."

रंगाचं थोडक्यात. मला काळा हवा होता. मिळाला मरून. सहा चादरींसाठी कुणी नवा बीम भरत नाही. २,४०० उभे धागे ओढून, खळ देऊन, गुंडाळून मागावर चढवायचे तर मागे निदान कित्येक डझनांची ऑर्डर लागते. सूत रंगवणाराही चार किलो सूत हौदात घालत नाही. मागावर आधीच मरून-पांढरा बीम होता, त्याच्या शेपटीला माझे सहा नग. मालकांनी हे सांगताना वर जोडलं, "काळी चादर आहेरात कोण देतंय?" वाद घालण्यात अर्थ नव्हता.

नमुन्याचा दिवस. माग चालवणारे मामा, म्हणजे मी त्यांना मामा म्हणू लागले. त्यांची बायको दारात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून त्या मापानं पान कापते, तंबाखू भरते, वळते, बोटानं तोंड मुडपते. नजर सगळा वेळ माझ्यावर. "मॅडम, ह्यानं पैसा मिळतोय का तुम्हाला?" हा प्रश्न माझ्या सासरच्यांनीही इतक्या सरळ विचारलेला नाही.

मामांनी कार्डांची माळ जॅकार्डवर चढवली, कांड्या भरलेले दोन धोटे पेटीत टाकले आणि बटण दाबलं. कारखान्यात सोळा माग चालू असताना तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. माणसं ओठ वाचून बोलतात. दहा-बारा ओळी झाल्या आणि एक उभा धागा तुटला. मामांनी माग थांबवला, तुटलेलं टोक शोधलं, दुसरं टोक बोटावर घेतलं आणि गाठ मारली. मारली म्हणजे नक्की काय केलं ते मला दिसलं नाही. मी म्हटलं पुन्हा दाखवा. त्यांनी उरलेल्या सुतावर हळू करून दाखवलं: अंगठ्याखाली एक टोक दाबायचं, त्यावरून दुसरं फिरवायचं, नखानं आत ढकलायचं, ओढायचं. मी वीस वेळा केलं. तीन गाठी टिकल्या. हळू केली तर मामांचीही सुटत होती.

पहिली रांग पूर्ण झाली तेव्हा सहा माळढोक शेजारी शेजारी उभे होते. मास्तर बरोबर होते, मान नेमकी होती. पण माळ फुगला होता. माझा तो सलग मरून माळ चक्क पुरीसारखा वर आलेला. मास्तरांनी चिमटीत धरून दाखवलं: वरचं मरून कापड वेगळं, खालचं पांढरं वेगळं, मधे पोकळी. दोन पदर एकमेकांना धरतात ते फक्त जिथं रंग बदलतो तिथं. नक्षीची कड हाच टाका. सहा इंच रंग बदललाच नाही तर दोन पदर सुटे राहतात, धुतलं की लोंबतात, मुलांच्या पायाची बोटं अडकतात. ठिपके ही शोभा नव्हतीच. मास्तरांनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

तेवढ्यात माझं लक्ष अक्षरांकडे गेलं. सहा पक्ष्यांच्या पायांखाली सहा वेळा 'माळढोक', उलटा. शिरोरेघ वर, पण सगळं उजवीकडून डावीकडे. आणि मग कळलं. माग म्हणजे छापा नव्हे. इथं कागद ठोकळ्यावर पालथा पडत नाही. जे काढलं तेच वर येतं. इतकी साधी गोष्ट, आणि मी ती मास्तरांना वीस मिनिटं उलटी समजावली होती. त्या शब्दातला 'ढ' अगदी माझ्याचकडे बघत होता.

"तारुमारु झालं," मामा आवाजावर आवाज चढवून म्हणाले. तेलुगूत उलटंपालटं होणं. मास्तरांनी नमुना कापायला सांगितला, दोन्ही हातांत धरला आणि उलटा केला.

मागच्या बाजूला 'माळढोक' सुलटा होता. रंग बदललेला: मरून आभाळ, पांढरा माळ.

"हे वाचा की," मास्तर म्हणाले. "चादरीला दोन तोंडं असतात. अक्षर एकाच तोंडाला सुलटं येतंय. कुठल्याबी चादरीत. तुम्ही ह्या बाजूला काढलं असतं तर त्या बाजूला उलटं आलं असतं."

मी तो नमुना घरी आणला आणि रात्री ठोकळ्याशेजारी ठेवला. वरची बाजू म्हणजे हुबेहूब माझा शाई लावलेला ठोकळा होता. अक्षरं उलटी, शाईच्या जागी गडद रंग, सगळं तसंच्या तसं. आणि मागची बाजू अशी होती की जी माझ्या प्रेसवर कधीच निघाली नसती: अक्षरं सुलटी, पण जिथं शाई तिथं कोरं, जिथं कोरं तिथं शाई. मी कागदावर छापलेलं चित्र, जे मला हवं होतं, ते चादरीच्या दोन्ही बाजूंना नव्हतं. आम्ही छापणारे ठोकळा कधी दाखवत नाही. तो अवजार असतो, शाई पुसून कपाटात जातो. इथं तो पांघरायला तयार झाला होता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, अक्षरांच्या वीस ओळी बदलून देऊ का, चाळीस कार्डं पुन्हा पाडावी लागतील. मी म्हटलं, नको.

माळाचं मात्र बदलावं लागलं. मास्तर ठिपके म्हणत होते, मला ठिपके नको होते. आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर ग्राफ पसरून बसलो. त्यांनी एक घर, मग त्यावर तिरकं एक घर, मग दोन उभी अशी एक खूण काढली. मी तिच्याशेजारी तशीच जरा झुकलेली काढली. चार-पाच झाल्यावर ते गवत झालं. माळढोक उभा राहतो तो गवताळ माळावरच, आणि मी चित्रात गवताची काडी ठेवली नव्हती, कारण काळा मला सुंदर दिसत होता. आभाळालाही तीच अडचण होती. मास्तर म्हणाले, तारे टाका. मी म्हटलं, दुपारची वेळ आहे. "मंग झळा टाका," ते म्हणाले, "सोलापूर हाय." तुटक आडव्या रेघा, दोन घरांच्या, एकाआड एक सरकवलेल्या. एकशेऐंशी कार्डं पुन्हा पाडली. त्याचे पैसे मी दिले, आणि मामांचा माग जेवढे दिवस माझ्यासाठी थांबला त्याची रोजंदारीही. त्यांची मजुरी नगावर असते. माझ्या शिकण्याचा भुर्दंड त्यांच्या आठवड्याच्या हिशोबात जाणं बरं नव्हतं. हे मी आधीच ठरवायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात मामांच्या बायकोनं विचारल्यावर ठरवलं.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाची रथयात्रा, कारखाना बंद. त्यानंतर चार दिवसांत सहाही चादरी निघाल्या. दोन्ही टोकांना मास्तरांचीच जुनी वेलीची पट्टी, तिची कार्डं आढ्याला टांगलेली होती. मधे पक्षी, पन्ह्यात सहा आणि लांबीत आठ. एका चादरीत अठ्ठेचाळीस माळढोक. मी मोजले तेव्हा नान्नजची आठवण होऊन पोटात कसंतरी झालं.

मग सहीचा घोळ. छापचित्राच्या खाली पेन्सिलीनं सही आणि आकडा घालतात: सहापैकी पहिली, सहापैकी दुसरी. जपानी लाकडी ठशांत चित्र काढणारा, कोरणारा, छापणारा आणि विकणारा असे चार वेगळे लोक असत, पण जगाला नाव बहुतेक वेळा पहिल्याचंच ठाऊक. हे मी वर्गात शिकले होते आणि त्यावर तावातावानं बोललेही होते. म्हणून मी मास्तरांना म्हटलं, कडेला तुमचं, मामांचं, पियानोवाल्याचं, सगळ्यांची नावं विणू. ते गोंधळले. "नाव मालकाचं असतंय. दुकानाचं." मग जरा वेळानं, "आणि पेन्सिल धुण्यात जाईल की." शेवटी सुती पट्टीवर तिघांची आणि माझं नाव छापून मागच्या कोपऱ्यात शिवलं. मागचा कोपरा कुठला यावरही पाच मिनिटं चर्चा झाली.

खरा खटका उडाला तो पुढे. आमच्यात ठरलेल्या प्रती निघाल्या की ठोकळ्यावर आडवी रेघ मारून तो बाद करतात, म्हणजे पुढे कुणी चोरून छापू नये. मी कार्डांबद्दल तसंच विचारलं. मास्तरांचा चेहरा पडला. "कार्ड फाडायचे?" त्यांच्या आढ्याला चाळीस वर्षांपूर्वीच्या माळा टांगलेल्या आहेत. पुठ्ठा पिवळा पडलाय, पण कुणी तीच नक्षी मागितली तर उद्या चढवता येते. माझ्या जगात सहाच आहेत म्हणून किंमत. त्यांच्या जगात पुन्हा मागितली म्हणून किंमत. मी फाडायचा विषय सोडला. पण कार्डं कुणाची, हे विचारायचं राहून गेलं. खरं तर धीर झाला नाही.

बाद झालेली एकशेऐंशी कार्डं मात्र त्यांनी मला दिली. घरी एकाला शाई लावून प्रेसमधून काढलं. काळ्या पट्ट्यावर पांढरी भोकं. मग दहा कार्डं एकाखाली एक लावून छापली. तो कागद मास्तरांना दाखवला, नेहमीच्या सवयीनं त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "अम्मा, हे मैदान. आपण काढून टाकलेलं. आणि ही तिसरी ओळ उलटी लावलीस." 'मॅडम'ची 'अम्मा' कधी झाले ते माझ्या लक्षात राहिलेलं नाही. ओळ खरंच उलटी होती.

दिवाळीनंतर मालकांचा फोन आला. हिरवा बीम चढलाय, तुमचा कोंबडा एक डझन चालवू का, लग्नाची गिऱ्हाइकं मागायलेत. मी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत मुंबईच्या एका मैत्रिणीनं मला वेडी ठरवलं. मी हो म्हणाले, एका डझनापुरतं, आणि मास्तरांना डिझाईनचे पैसे वेगळे द्यायचे या अटीवर. मालकांनी दिले. मी मास्तरांना विचारून खात्री केली.

बारापैकी एक नग त्यांनी रिक्षावाल्याबरोबर पाठवला. आईनं उघडून पलंगावर घातला. हिरवा आणि पांढरा. गवत मास्तरांनी माझ्यापेक्षा दाट केलं होतं आणि ते जास्त चांगलं दिसत होतं. 'माळढोक' हा शब्द मात्र कुठेच नव्हता. दोन्ही बाजू पाहिल्या. मग सवयीनं पक्षी मोजले. चोपन्न. अक्षरांच्या वीस ओळी काढून वाचलेल्या जागेत त्यांनी एक रांग जास्त बसवली होती.